पहिल्या मोटारीची पारख

नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलासाठी वा मुलीसाठी वापरलेली मोटार पाहून द्यावी, अशी विनंती घेऊन जी कुटुंबे पुण्यातील माझ्या गॅरेजमध्ये येतात, त्यांच्यात बोलण्याला तोंड फुटण्यापूर्वीच दोन तट पडलेले असतात. वडिलांना ॲव्हरेजची, सुट्या भागांची आणि पुढेमागे विकायची झाल्यास हाती येणाऱ्या किमतीची विवंचना असते, तर मुलाच्या मनात पिकअप, रंग आणि मित्रमंडळींसह ताम्हिणी घाटातून कोकणात उतरण्याचे बेत असतात. आणि एकाचे समाधान व्हायचे तर दुसऱ्याने माघार घेतलीच पाहिजे, असे दोन्ही पक्ष धरून चाललेले असतात. मोटारीच्या दुरुस्तीत हयात घालवल्यावर माझी अशी खात्री झाली आहे की हा तंटा मुळातच निराधार आहे. ज्या गुणांमुळे मोटार चालवताना माणसाला आनंद होतो, बहुतांशी त्याच गुणांमुळे ती कमी खर्चात चालते, वेळेवर थांबते आणि दीर्घकाळ टिकते. आणि ज्या मोटारीत हे गुण नाहीत ती चालवायला कंटाळवाणी असून शिवाय खिशालाही जड पडते.

तरुणांना आनंदाचे माप अश्वशक्तीच्या आकड्यात शोधण्याची सवय असते, आणि ती त्या वयाला शोभतेही. परंतु चालवण्याचा खरा आनंद हा आज्ञाधारकतेचा आनंद आहे. स्टेअरिंग किंचित वळवताच पुढची चाके तत्काळ वळावीत, गिअरचा दांडा खळखळ न करता आपल्या खाचेत बसावा, ब्रेकच्या पेडलवर पाय जितका दाबावा तितकीच आणि तशीच मोटार थांबावी, आणि वळणावरून बाहेर पडताना आपण केलेला अंदाज व मोटारीने दिलेले उत्तर यांत अंतर राहू नये, या गोष्टी लहान, हलक्या, पाचगिअरी पेट्रोल मोटारीत जितक्या सहज मिळतात तितक्या अवजड आणि बलाढ्य मोटारीत मिळत नाहीत. वजन कमी असले म्हणजे ब्रेकला थोपवावे लागणारे ओझे कमी, टायरची झीज कमी, क्लचवरचा ताण कमी आणि पेट्रोलचा खर्चही कमी. वडिलांची काटकसर आणि मुलाची हौस या अशा एकाच मुळातून उगवलेल्या असतात.

नावेच घ्यायची तर मारुती स्विफ्टपासून आरंभ करणे भाग आहे. २००५ साली ती या देशात आली आणि व्यवहारी मोटारही चपळ असू शकते हे तिने असंख्य घरांना पटवून दिले. २०१८ पासूनच्या तिसऱ्या पिढीचे पेट्रोल वाण नऊशे किलोंच्या आसपासचे असून तिचे बाराशे सीसीचे इंजिन त्या वजनाला पुरून उरते, आणि तिचा कोणताही सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळतो. तथापि मोटारींच्या आघात-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेच्या २०१८ सालच्या चाचणीत तिला पाचांपैकी दोनच तारे मिळाले, ही गोष्ट मी आईवडिलांपासून कधी लपवीत नाही. ज्यांना आघातातील सुरक्षिततेची चिंता अधिक, त्यांना मी टाटांची टियागो किंवा अल्ट्रॉझ दाखवतो. २०२० च्या आरंभी जाहीर झालेल्या निकालांत पहिलीला चार आणि दुसरीला पाच तारे होते. चाकणच्या कारखान्यात तयार होणारी फोक्सवॅगन पोलो २०२२ साली बंद झाली, पण तिच्या दरवाज्याचा भरीव आवाज आणि महामार्गावरचे तिचे स्थैर्य यांवर जीव टाकणारा तरुण वर्ग अद्याप मोठा आहे. फोर्ड फिगोचे स्टेअरिंग या साऱ्यांत मला अधिक बोलके वाटते. मात्र कंपनीने २०२१ साली भारतातील उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केल्यामुळे सर्व्हिस सेंटर आपल्या गावाजवळ आहे की नाही, याची खातरजमा सौद्यापूर्वीच करावी.

डिझेलच्या बाबतीत मी सहसा नकारच देतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या डिझेल मोटारींत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते, ती स्वच्छ होण्यासाठी इंजिनाला काही काळ सलग वेगाने धावावे लागते, आणि कोथरूडहून हिंजवडीला रांगत जाणाऱ्या मोटारीला तसा योग क्वचितच लाभतो. गाळणी तुंबली म्हणजे डिझेलमध्ये वाचवलेले पैसे एका फटक्यात परत जातात.

परंतु कोणत्या कंपनीची कोणती मोटार, हा प्रश्न वस्तुतः दुय्यम होय. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन मोटारींपैकी एक पाच वर्षांनी ताजीतवानी असते आणि दुसरी खिळखिळी झालेली असते. म्हणून वाण निवडण्यात जो वेळ जातो, त्याच्या कितीतरी पट वेळ प्रत्यक्ष समोर उभी असलेली ती एक मोटार निरखण्यात घालवावा. मी बॉनेट उघडले की प्रथम इंजिनाकडे पाहतच नाही, बिजागरीच्या आणि फेंडरच्या बोल्टांकडे पाहतो. कारखान्यात बसवलेल्या बोल्टच्या माथ्यावरचा रंग अखंड असतो. पाना एकदा लागला की त्याच्या कडांवरचा रंग उडून खालचा धातू चमकू लागतो आणि तो पुन्हा रंगवला तरी कोपऱ्यांत जाड थर साचतो. बोल्ट सुटलेला दिसला म्हणजे फेंडर उतरला होता, फेंडर उतरला होता म्हणजे गाडी ठोकली गेली असण्याचा संभव, आणि मग नजर आपोआप आत, इंजिनाच्या बाजूच्या ॲप्रनच्या पत्र्याकडे जाते, जेथे कारखान्याच्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके समान अंतरावर असावे लागतात. बाहेरचा दरवाजा किंवा बंपर रंगवलेला असल्यास मी फारसे मनावर घेत नाही, कारण पुण्यात राहून ओरखडा न पडलेली मोटार दुर्मिळच. पण ॲप्रन, पिलर किंवा चेसी यांवर पत्राकाम झाले असेल तर भाव कितीही उतरला तरी त्या दारातून मागे फिरावे.

पुरात बुडालेल्या मोटारीची परीक्षा याहून सूक्ष्म असते. २०१९ च्या ऑगस्टात सांगली-कोल्हापूरला पाण्याने वेढले आणि सप्टेंबरात पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुरात मोटारी अक्षरशः वाहून गेल्या. अशा मोटारी धुऊनपुसून, नवे सीट कव्हर चढवून, सुगंधी फवारा मारून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या कन्येसाठी पसंत केलेली पांढरी हॅचबॅक माझ्याकडे आणली होती, तेव्हा मी त्या मुलीलाच पुढच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढायला सांगितले. पट्ट्याचा नेहमी वापरात येणारा भाग स्वच्छ होता, परंतु गुंडाळीत दडून राहिलेला अखेरचा हातभर भाग तिने बाहेर काढताच त्यावर मातकट रंगाची आडवी रेघ उमटलेली दिसली. मग सीटखाली हात घालून तिने रुळांवर बोट फिरवले, ते तांबूस गंजाने माखून बाहेर आले. अशा मोटारीचे इंजिन आज सुरळीत चालते, पण वायरिंगच्या जोडांत शिरलेला ओलावा तांब्याला हळूहळू खात राहतो आणि पुढच्या पावसाळ्यात कधी दिवे, कधी स्टार्टर, कधी एअरबॅगची सूचना, असे एकेक दुखणे डोके वर काढू लागते. मुलीने काही न बोलता पट्टा सोडून दिला आणि वडिलांकडे पाहून मान हलवली. ज्याच्यासाठी मोटार घ्यायची त्याने पाहणीला स्वतः हजर असावे, असा माझा आग्रह याचसाठी आहे.

तिच्यासाठी पुढे मिळालेली मोटार आम्ही दिवे घाटात चालवून पाहिली. सकाळी इंजिन पूर्ण थंड असतानाच जावे, कारण विक्रेत्याने आधीच तापवून ठेवलेले इंजिन आपले दोष झाकते. थंड इंजिन सुरू होताना मागून निळा धूर आला तर ते ऑइल खाते आहे असे समजावे. चढणीवर गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचा आवाज चढला आणि मोटारीचा वेग मात्र चढला नाही, तर क्लच प्लेट घसरते आहे. उतारावर, मागे कोणी नाही असे पाहून, ब्रेक लावताना स्टेअरिंगवरची पकड किंचित सैल करावी. मोटार एका बाजूला ओढत असेल तर ते लपत नाही. खडबडीत रस्त्यावर काचा खाली करून, गाणी बंद ठेवून ऐकावे, म्हणजे लिंक रॉडची टकटक आणि शॉकॲब्सॉर्बरची धपधप वेगवेगळी कळू लागते. त्या मुलीने तो घाट दोनदा चालवला, दुसऱ्या खेपेस तिचे हात सैलावले होते आणि वळणापूर्वी गिअर कधी उतरवायचा हे तिला सांगावे लागत नव्हते. ती गाडी आणि ती मुलगी परस्परांना समजू लागल्या आहेत, हे शेजारी बसून मला स्पष्ट जाणवले, आणि अशा वेळी मला माझ्या धंद्याचा अभिमान वाटतो.

हाताशी असलेली सगळी रक्कम खरेदीत ओतू नये, हा माझा ठाम सल्ला आहे. किमतीच्या दहाव्या हिश्श्याइतकी रक्कम बाजूला ठेवून ती प्रथम टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन यांवर खर्चावी. टायरच्या बाजूवर चार अंकांत त्याची जन्मवेळ कोरलेली असते. २३१९ असे असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. कायद्याने नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी, परंतु नक्षी शाबूत असूनही वयाने कडक झालेला रबर पावसाळी डांबरावर धरत नाही. चार चांगले टायर आणि नवे शॉकॲब्सॉर्बर पडले की साधीसुधी जुनी मोटारही अशी काही वळते की तरुण चालकाला वेगळ्या शक्तीची गरजच वाटत नाही. मोठी चाके, कर्कश सायलेन्सर आणि काळ्या काचा यांत पैसे घालवण्यापेक्षा हा खर्च शतपटीने सुखाचा.

राहिला कागदपत्रांचा मामला, आणि तेथे हयगय करणे म्हणजे पुढच्या कटकटीला आमंत्रण देणे होय. नोंदणी प्रमाणपत्रावरचा चेसी नंबर मोटारीवरच्या आकड्याशी स्वतः जुळवून पाहावा. बँकेचा बोजा असेल तर नमुना ३५ आणि बँकेचा ना हरकत दाखला हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम अदा करू नये. थकलेले ई-चलन विक्रेत्याकडूनच भरून घ्यावे. मालकी हस्तांतराचे नमुना २९ व ३० हे अर्ज सह्या करून ‘पुढे पाहू’ म्हणत कपाटात ठेवण्याचा जो प्रघात पडला आहे तो घातक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५० नुसार एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवणे बंधनकारक आहे; आणि दफ्तरी ज्याचे नाव, तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे. विम्याची पॉलिसीही चौदा दिवसांत नव्या नावावर करण्यासाठी अर्ज द्यावा; विक्रेत्याचा नो-क्लेम बोनस त्याचा त्याच्यापाशी राहतो, तो मोटारीबरोबर येत नाही.

हे हस्तांतर मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या नावावर व्हावे, असे मी प्रत्येक आईवडिलांना सांगतो, आणि काहींना ते रुचत नाही. परंतु ज्या तरुणाने बोल्टवरचा रंग स्वतः तपासला, घाटात क्लचची परीक्षा स्वतः घेतली आणि परिवहन कार्यालयातील अर्जावर स्वतः सही केली, तो ती मोटार बेफामपणे हाकत नाही, कारण तिच्या प्रत्येक भागाची किंमत आणि प्रत्येक चुकीचे उत्तरदायित्व त्याला ठाऊक झालेले असते. दर सहा महिन्यांनी टायरमधली नक्षी पाहणे, ऑइलची पातळी दांडीवर तपासणे आणि विम्याची मुदत लक्षात ठेवणे ही कामे आईवडिलांनी त्याच्याकडून काढून घेऊ नयेत. मोटार त्याच्या हाती देताना ही तीन कामेही त्याच्याच हाती द्यावीत.