हिशेब शिडांचा

मुंबई पाहायला आलात की गेट वे ऑफ इंडियाला तुम्ही जाताच. कबुतरं, फोटोवाले, समोर ताजमहाल हॉटेल आणि मग घारापुरीच्या लाँचची तिकिटं! पण मैत्रिणींनो, दिवाळी ते होळी या दिवसांत एखाद्या रविवारी दुपारी गेलात, तर कठड्याशी जरा थांबा आणि लाँचच्या गर्दीपलीकडे नजर टाका. पाच-दहा पांढरी शिडं एकाच ठिकाणी उगीच घुटमळताना दिसतील. वाट चुकल्यासारखी! ती वाट चुकलेली नसतात. ती शर्यत सुरू होण्याची वाट बघत असतात.

मलाही हे कुठे माहीत होतं? आमचे 'हे' लग्नाआधीपासून या नादातले. मी आपली विणकाम आणि डबा घेऊन काठावर बसायची. एका रविवारी वही लिहिणारे गृहस्थ आजारी पडले आणि क्लबातल्या कुणीतरी म्हटलं, "वहिनी, तुमचं अक्षर चांगलं आहे, तुम्हीच या." झालं! मी पंचांच्या होडीत जाऊन बसले, ती आजतागायत.

काठावरून दिसणारी मुंबई निराळी आणि पाण्यातून दिसणारी निराळी. इथून गेट वे एवढासा दिसतो, नौदलाची राखाडी जहाजं केवढी तरी मोठी, आणि पाठीशी घारापुरीचा डोंगर. सकाळी जमिनीवरून मतलई वारा हलकेच येतो, मग मध्येच पडतो. दुपारी वायव्येचा खारा वारा सुटला की शिडं फुगतात. भरतीची वेळ काढायला मी घरातलं कॅलेंडर वापरते. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा ढोबळ तास मिळतो. पंचमीला पावणेचार. अमावास्या-पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची, एवढं लक्षात ठेवा.

शर्यतीची सुरुवात बघण्यासारखी असते. पंचांच्या होडीची काठी आणि दूरचा एक बोया, यांच्यामधली नुसती कल्पनेतली रेषा. पाच मिनिटं आधी पहिला झेंडा चढतो, भोंगा वाजतो. चार मिनिटं उरली की दुसरा, निळा, मधोमध पांढरा चौकोन असलेला. एक मिनिट उरलं की तो खाली. वेळ झेंड्याची धरायची, भोंग्याची नाही. भोंगा काय, ऐन वेळी दगा देतो! शिडाच्या होडीला ब्रेक नसतो, म्हणून सगळे रेषेमागे घिरट्या घालत असतात. ठोक्याला रेषेवर आणि तीही वेगात, यातच सगळं कसब.

मग निकाल. होड्या सारख्या नसतात. एकट्याची, दोघांची, मुलांची पेटीसारखी ऑप्टिमिस्ट. सगळ्या एकाच शर्यतीत उतरल्या तर न्याय कसा करायचा? त्यासाठी इंग्लंडकडची पोर्ट्समथ यार्डस्टिक म्हणून पद्धत आहे. प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा. होडी जितकी संथ, तितका आकडा मोठा. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. सोयीसाठी गोल आकडे घेऊ. मोठ्या होडीचा हजार, छोटीचा सोळाशे. मोठी पन्नास मिनिटांत आली, तिची पन्नासच राहिली. छोटी शहात्तर मिनिटांनी धापा टाकत आली, तिची झाली साडेसत्तेचाळीस. छोटी जिंकली! काठावरच्या लोकांना हे कधीच पटत नाही.

गुणांचंही उलटंच. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन. शेवटी ज्याची बेरीज कमी तो जिंकला. जो उतरलाच नाही किंवा चुकीचा सुटला, त्याला एकूण होड्यांपेक्षा एक जास्त. आमच्या नऊ होड्या, म्हणजे दहा. सहा शर्यतींतला प्रत्येकाचा एक सर्वांत वाईट निकाल सोडून द्यायचा, असा आमचा नियम.

आता माझी अडचण सांगते. त्या मोसमातली ती सहावी, शेवटची शर्यत. यांचे निकाल एक, दोन, एक, मग दहा, मग दोन. तो दहा माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचा. मीच हट्टाने नेलं होतं. तिथी पंचमी, सुटायची वेळ अडीच, भरती अजून चढत होती. माणसं कमी, म्हणून रेषेवर नजर ठेवायचं कामही माझ्याकडेच. झेंडा खाली आला आणि एका होडीचं नाक रेषेच्या पुढे दिसलं. चांगलं हातभर.

"वहिनी, नंबर?" मुख्य पंचांनी विचारलं.

शिडावरचा नंबर मला पाठ होता. ते शीड मी स्वतः गच्चीवर वाळत घातलं होतं. मी नंबर सांगितला. भोंगा वाजला, पांढऱ्यावर निळी फुली असलेला झेंडा चढला. चार मिनिटं तो फडकत राहिला, पण स्वारीने मागे वळून पाहिलं नाही. वेळेच्या हिशेबात हेच पहिले आले असते. मी वहीत दहा मांडले.

बेरीज सोळा झाली, प्रतिस्पर्ध्याची आठ. ते दहा नसते तर यांची सात होती आणि करंडक घरी आला असता.

परतीच्या लोकलमध्ये मुलुंडपर्यंत एक शब्द नाही. ठाण्याला फक्त, "भरतीनं ढकललं मला." मी म्हटलं, "पंचमी होती, मी सकाळीच सांगितलं होतं." रात्री जेवणं झाल्यावर वही मागून घेतली, दोनदा बेरीज केली, पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या माहेरच्यांना सांग, लग्नं चातुर्मासात काढा म्हणावं!" पावसाळ्यात होड्या काठावर पालथ्या असतात ना!

तुम्ही जाल तेव्हा दुपारी दोनच्या सुमारास जा, टोपी न्या, मिळाली तर दुर्बीणही. १९८२ च्या आशियाई खेळांत यजमान दिल्ली असली तरी शिडाच्या शर्यती मुंबईच्याच समुद्रात झाल्या होत्या आणि फायरबॉल होडीत फरोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं होतं, हे मुलांना जरूर सांगा. आणि कुणी तुम्हाला वही लिहायला बोलावलंच, तर पेन नको, पेन्सिल न्या. खाऱ्या पाण्याच्या एका शिंतोड्यानं शाई पसरते.