ज्याचा त्याचा शंख

आमच्या हॉलमध्ये दोन फुटी फिशटँक आहे. पाहुणे येतात, वाकून बघतात आणि विचारतात, "मासे कुठायत?" त्यांना दिसते ती नुसती वाळू आणि पसरलेले शंख. मी म्हणतो, दोन मिनिटं न हलता उभे राहा. मग एका शंखातून दोन डोळे बाहेर येतात, दुसऱ्यातून आणखी दोन, आणि बघता बघता बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर उभ्या पट्ट्या असलेले मासे आपापल्या दारात येऊन पाहुण्यांकडेच बघायला लागतात!

यांचं नाव निओलॅम्प्रोलोगस मल्टिफॅसिएटस. नाव माशापेक्षा लांब, म्हणून पाळणारे नुसतं 'मल्टी' म्हणतात. मूळ गाव आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर. तिथल्या निओथॉमा नावाच्या गोगलगाई मेल्या की त्यांचे शंख तळाशी साठत जातात. पाणी इतकं जड की ते लवकर विरघळतही नाहीत. त्या शंखांच्या पसाऱ्यात या माशांच्या वसाहती असतात. एक नर, दोन-चार माद्या आणि पोरंबाळं. झोपणं, लपणं, अंडी घालणं, सगळं शंखात.

पाण्याचा प्रश्न आमच्याकडे आपोआप सुटला. सोसायटीच्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, सगळे शिव्या घालतात. या माशांना मात्र तसलंच पाणी लागतं.

चूक केली ती दुसरीच. सहा मासे आणले आणि 'शोभेला' म्हणून पाच शंख ठेवले. म्हटलं, एवढेसे तर जीव आहेत, घेतील जमवून. चार दिवसांत दोघांची शेपटी फाटली. एक तर फिल्टरच्या मागे जाऊन बसला, खायलाही येईना. टँक लहान पडला असं मला वाटलं. मग कळलं, माशामागे निदान दोन-तीन शंख हवेत.

त्याच सुमारास, २०२१ च्या पावसाळ्यात, अण्णा आमच्याकडे कायमचे राहायला आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि गावात एकट्यानं राहणं त्यांना झेपेना. माझा शंखांचा शोध त्यांना फोनवर कळला होता. येताना एका पिशवीत गोगलगाईचे पंधरा-वीस रिकामे शंख घेऊन आले, भाताच्या खाचरातले. उकळून, घासून, वाळवून. मी ते टँकमध्ये पसरले आणि आठवड्याभरात मारामाऱ्या थांबल्या. टँक तोच, मासे तेवढेच.

मग एका रविवारी मला साफसफाईची हुक्की आली. सगळे शंख बाहेर काढले, धुतले आणि नव्यानं छान मांडले. एक मादी मात्र तिच्या जुन्या जागेवर येऊन घुटमळत राहिली. तिथे आता सपाट वाळू होती. बाकीचे तोंडानं वाळू उपसून नव्या घरांची डागडुजी करायला लागले, पण ही जागा सोडेना. अण्णा मागे येऊन उभे राहिले होते. म्हणाले, "अरे, तिचं होतं तिथे ठेव ना."

एवढंच म्हणाले. पण मला रात्री झोप लागेना.

अण्णांचे कपडे आमच्या कपाटाच्या खालच्या खणात. औषधं फ्रिजवर. पोथ्या चिरंजीवांच्या अभ्यासाच्या फळीवर. देव एका स्टीलच्या डब्यात, कारण देवघर आमच्या मापाचं. सकाळी सहाच्या आत स्वतःची वळकटी गुंडाळून दिवाणाखाली सरकवायचे, मुलाची शाळेची घाई व्हायच्या आत. आम्ही त्यांना काही कमी केलं नव्हतं, पण या घरात त्यांची म्हणता येईल अशी वीतभर जागासुद्धा नव्हती. "चार दिवस गावी जाऊन येतो," असं ते दर महिन्याला का म्हणायचे, ते मला एका माशानं सांगावं!

घर मोठं करणं शक्य नव्हतं. बायकोनं आणि मी हॉलच्या खिडकीशेजारचं शोकेस काढलं आणि तिथे एक अरुंद कपाट उभं केलं, कुलूपकिल्लीचं. शेजारी त्यांची खुर्ची. अण्णा म्हणाले, "कशाला हे? माझं आहे काय ठेवायला?" दुसऱ्या दिवशी देव डब्यातून निघून वरच्या कप्प्यात बसले. किल्ली बंडीच्या खिशात गेली, ती अजून तिथेच असते. गावी जायचं ते अजूनही म्हणतात, पण आता वर्षातून दोनदा, आंबे आणि गणपती धरून.

मादीचा शंख मी त्याच रविवारी जागेवर ठेवला होता. महिन्याभरानं त्याच्या तोंडाशी शेवईच्या तुकड्याएवढी पिल्लं दिसली. ती आधी कुणाला दिसली, हे सांगायलाच नको. अण्णांची खुर्ची टँकच्या अगदी समोर आहे.