निशिझाकावरचे पाय

वसईत माझ्या मित्राची आजी, लाल लुगड्यातली, ओटीवर बसून सांगायची, “आमच्या वसईचा पोर जपानात क्रुसावर गेला.” मला ती दंतकथा वाटे. चाळीस वर्षांनी तिचाच माग काढत नागासाकीला उतरलो.

हॉटेलची खोली एवढी चिंचोळी की बॅग उघडायची तर आपण पलंगावर चढायचं. सकाळी पाऊस. ग्लोव्हर गार्डन पंधरा मिनिटांत उरकलं आणि स्टेशनजवळची निशिझाका टेकडी चढलो.

5 फेब्रुवारी 1597 रोजी इथे 26 ख्रिस्ती लोकांना क्रुसावर चढवून भाल्यांनी भोसकलं. हुकूम जपानचा सत्ताधीश हिदेयोशीचा. क्योतोत कान कापून, ऐन थंडीत चालवत आणलेली माणसं ती. त्यांतच वसईत जन्मलेले ब्रदर गोन्सालो गार्सिया: बाप पोर्तुगीज, आई वसईचीच. 1962 च्या स्मारकात 26 ब्राँझच्या आकृत्या ओळीने उभ्या आहेत. तीन ठेंगण्या आहेत, मुलांच्या. सगळ्यांचे पाय मात्र अधांतरी.

या हुकुमामागचं कारण म्हणून इतिहासकार बोट दाखवतात 1596 मध्ये जपानच्या किनाऱ्यावर फुटलेल्या ‘सान फेलिपे’ या स्पॅनिश जहाजाकडे. हा धर्माचा नव्हे, साम्राज्याच्या भीतीचा मामला, म्हणतात. मान्य. त्याच काळात वसईच्या किल्ल्यावर पोर्तुगीज निशाण होतं आणि तिथे क्रूस होता देवळं पाडणाऱ्यांच्या हाती. हिदेयोशीची भीती अगदीच पोकळ नव्हती. पण त्या 26 जणांतल्या 12 वर्षांच्या लुई इबाराकीचं कुठलं साम्राज्य होतं?

शेजारच्या संग्रहालयात जास्त रेंगाळलो, ते मारिया कान्नोनपाशी. दिसायला बौद्ध देवी, पूजणाऱ्यांसाठी मरियम. ख्रिस्ती धर्मावरच्या 1614 च्या बंदीनंतर इथे लोकांना ख्रिस्ताच्या चित्रावर पाय द्यायला लावत, दरवर्षी, नव्या वर्षाच्या सुरुवातीला. लोक पाय देत, घरी येऊन क्षमा मागत आणि पोरांकडून प्रार्थना तोंडपाठ करून घेत. पाद्री नाही, चर्च नाही, तरी दोनशेहून अधिक वर्षं.

संध्याकाळी ओउरा चर्चच्या पायऱ्यांवर थांबलो. 17 मार्च 1865 ला जवळच्या उराकामीचे काही छुपे ख्रिस्ती गावकरी इथे आले आणि फ्रेंच पाद्री पेतिजाँ यांना हळूच विचारलं, मरियमची मूर्ती कुठे आहे? बंदी उठायला आणखी आठ वर्षं होती. मधल्या काळात उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपारी भोगावी लागली.

टेकडीवरच्या 26 जणांना नावं आहेत. पाय दिलेल्यांची कुणी कोरली नाहीत. पण त्या दिवशी चर्चचं दार गाठलं ते त्यांच्याच वंशजांनी. आजी असती तर तिला आता हीही गोष्ट सांगितली असती.