छत्तीस तारांचं चाक

टण्ण असा आवाज आला आणि काय झालंय ते वळून बघायची गरज पडली नाही. तिसऱ्या खेपेपर्यंत तो आवाज चांगलाच ओळखीचा झाला होता. रविवारची सकाळ. पिरनवाडी, किणये मागे टाकून जांबोटीच्या रस्त्याला लागलो होतो. मागच्या चाकाची तार तुटली, चाक लगेच आऊट झालं आणि प्रत्येक फेऱ्याला ब्रेकच्या रबराला घासायला लागलं. बरोबरचे तिघं पुढे निघून गेले होते. मी ब्रेक सैल करून बघितला, तरी चाक फिरेना. शेवटी एका टेम्पोवाल्याला हात केला. सायकल मागे भाजीच्या क्रेटवर आडवी टाकली आणि मी पुढे त्याच्या शेजारी बसलो. त्याने एकदा सायकलकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. बोलला काही नाही, पण हसू दाबलेलं मला दिसलं.

माझं वजन तेव्हा ११२ किलो होतं. सायकल सुरू केली तेव्हा ११८. दोन वर्षं घरून काम, दिवसाला दहा तास खुर्ची, आणि रात्री अमेरिकेतल्या टीमबरोबर कॉल संपला की खाणं. वडिलांची बायपास बावन्नाव्या वर्षी झाली होती. माझा साखरेचा रिपोर्ट सीमेवर आला, तेव्हा आईने तो हातात घेऊन चष्मा न लावताच बाजूला ठेवला. मग मी सायकल घेतली. पळायला गुडघे तयार नव्हते. सायकलवर मात्र जड माणसालाही कुणी तरी उचलून धरल्यासारखं वाटतं. हा आनंद ज्यांनी घेतला असेल त्यांना वेगळं सांगायला नको.

रोड बाइकच का, हा प्रश्न रास्त आहे. जाड टायरची साधी सायकल घेतली असती तर ही गोष्टच घडली नसती. पण आमचा चार जणांचा गट आहे आणि बाकीच्या तिघांकडे रोड बाइक. त्यांच्यामागे धापा टाकत जाण्यापेक्षा त्यांच्यासारखी सायकल घेऊ, असा विचार केला. थोडी हौसही होतीच.

पहिली तार ९०० किलोमीटरनंतर तुटली. ज्या मोठ्या दुकानातून सायकल घेतली होती तिथेच बदलून घेतली. दुसरी त्यानंतर ३०० किलोमीटरवर, आणि ही तिसरी आणखी २०० वर. तिसऱ्या वेळी काउंटरवरच्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "सर, सायकल चांगली आहे. तुम्ही जरा वजन कमी करा, मग काही प्रॉब्लेम येणार नाही."

त्याचा हेतू वाईट नसावा. पण वजन कमी करायलाच मी सायकल घेतली होती ना! आता सायकल चालवण्यासाठी आधी वजन कमी करायचं, तर ते कशाने? मी काही बोललो नाही. सायकल घरी आणून हॉलमध्ये सोफ्यामागे भिंतीला टेकवली आणि पुढचे दोन महिने तिला हात लावला नाही. गटातल्या मित्रांना सांगितलं, कंबर धरलीय.

मग एकदा भाचीच्या सायकलचं पंक्चर काढायला शहापुरातल्या एका जुन्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे एक फळी, एक पंप, पाण्याची घमेली आणि छताला टांगलेले टायर. मामा सत्तरीच्या आसपासचे. पंक्चर होईपर्यंत मी सहज माझं गाऱ्हाणं सांगितलं. ऐकून घेतलं आणि विचारलं,

"किती तारा हायत चाकाला?"

"मागे चोवीस, पुढे वीस."

"आणि तुमचं वजन?"

मी सांगितलं. ते हसले नाहीत. दुकानासमोर एका दूधवाल्याची काळी सायकल उभी होती, तिच्याकडे बोट करून म्हणाले, "मोजा की."

मी मोजल्या. पुढे ३२, मागे ४०. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींना हाच हिशोब असतो. मागच्या चाकावर ओझं जास्त, म्हणून तिथे तारा जास्त. दोन कॅनांत मिळून ४० लिटर दूध धरलं, त्यात कॅन, ती लोखंडी सायकल आणि वर बसणारा माणूस मिळवला, तर बेरीज १३० किलोच्या घरात जाते. मी, माझी सायकल आणि पाण्याच्या बाटल्या मिळून १२४.

"हा माणूस रोज खड्ड्यातनं जातोय," मामा म्हणाले. "त्याला कुणी म्हणालंय काय, दूध कमी घाल म्हणून? चाकच तसं बांधलंय. तुमचं चाक तुमच्यासाठी बांधलेलंच न्हाई ओ. त्यात तुमची काय चूक?"

दोन महिने हेच कुणी तरी म्हणावं म्हणून मी थांबलो होतो, हे मला त्या क्षणी कळलं.

लाज वाटायला खरं तर वेगळं कारण होतं. मी बी. ई. मेकॅनिकल आहे. नोकरी सॉफ्टवेअरची असली तरी धातू थकतो कसा, याचा आलेख परीक्षेत काढून मी मार्क मिळवलेत. तरी तार का तुटते याचा विचार केला नव्हता. तार ओझ्याने ताणली जाऊन तुटत असेल, असं समजून बसलो होतो. खरं तर उलट आहे. चाकातल्या सगळ्या तारा आधीच ताणून बसवलेल्या असतात. आपण वर बसलो की जमिनीला टेकलेल्या भागावरच्या दोन-चार तारांचा ताण कमी होतो, आणि तो भाग वर गेला की पुन्हा पूर्ववत होतो. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक तार एकदा सैल, एकदा ताठ. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, तेव्हा एका किलोमीटरला सुमारे ४७० फेरे. माझी पहिली तार तुटली ती सव्वाचार लाख वेळा अशी सैल-ताठ होऊन. लोखंडी तार हाताने पुढे-मागे वाकवत राहिलं की तुटते, तसाच प्रकार, फक्त फार सावकाश.

माणूस जड असला की हा सैलपणा वाढतो. तारा कमी असल्या की तो थोड्याच तारांच्या वाट्याला येतो. आणि चाक बांधतानाच तारा ढिल्या राहिल्या असतील तर त्या दर फेऱ्याला जवळजवळ लुळ्या पडतात.

तुटलेल्या तीनही तारा मी टेबलाच्या खणात ठेवल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या घेऊन गेलो. तिन्ही हबजवळच्या वाकलेल्या कोपऱ्यातच तुटल्या होत्या. मामांनी तुकडे जुळवून दुकानातल्या एका तारेला लावून पाहिले. दोन तारा तिसरीपेक्षा दोनेक मिलिमीटर लांब होत्या. "ह्या डाव्या बाजूच्या," ते म्हणाले. मागच्या चाकाला उजवीकडे गिअरच्या चकत्या असतात, त्यांना जागा द्यायला हबची उजवी बाजू आत सरकवावी लागते. म्हणून उजवीकडच्या तारा फार ताठ आणि डावीकडच्या त्यांच्या निम्म्या ताणाच्या आसपास, अशी वाटणी होते. ढिल्या बाजूच्या तारा आधी थकतात. आणि एक तुटली म्हणून एकच बदलली, तरी तिच्या बहिणी तितकेच लाख फेरे फिरून थकलेल्या असतात. ९००, ३००, २०० या माझ्या आकड्यांचा अर्थ तेव्हा लागला.

म्हणजे नवीन चाक हवं, हे ठरलं. इथे माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला आणि मी एक्सेल शीट उघडली. चाकाचं वजन, तारांची संख्या, किंमत, वजनाची मर्यादा. रेडीमेड हलक्या चाकांना बहुतेक मर्यादा असतेच आणि ती नीट वाचावी लागते, कारण बऱ्याच ठिकाणी तो आकडा माणसाचा एकट्याचा नसतो, सायकल, बाटल्या, पिशवी सगळं धरून असतो. दोन-तीन फार देखणी चाकं माझ्या यादीत वर आली होती. उंच काळी रिम, मागे २४ तारा.

बायको चहा घेऊन आली आणि मागून स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हा नव्वद किलोचा माणूस कोण?"

वजनाच्या रकान्यात मी ९० लिहिलं होतं. दिवाळीपर्यंत होईल, या हिशोबाने. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या माणसासाठी मी चाक निवडत होतो. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. कपाटात दोन शर्ट त्याच माणसाचे आहेत. पण शर्ट बसला नाही तर कपाटात राहतो. चाक तसं नाही, ते चोर्ल्याच्या उतारावर पायाखाली असतं. मी ९० खोडून ११२ केलं. वरून सायकलचे, बाटल्यांचे आणि पिशवीचे १२ मिळवले. यादीतली सगळी देखणी चाकं एका फटक्यात बाहेर गेली. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही.

उरलं ते असं. मागे ३६ तारा, पुढे ३२. रिम अ‍ॅल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची, आतून १९ मिलिमीटर रुंद. हब शिमानोचे १०५, कारण ते ३६ भोकांत मिळतात आणि आतल्या गोळ्या साध्या, उघडून ग्रीस भरता येतं. निपल पितळी. अ‍ॅल्युमिनियमचे हलके असतात, पण पावसाळ्यानंतर अडकून बसतात आणि चावी फिरवली की झिजतात. आमच्याकडचा पाऊस काही सांगायला नको. टायर २५ चे काढून २८ चे, माझ्या फ्रेममध्ये त्याहून रुंद बसत नाही. रुंद टायरने खड्ड्याचा धक्का रिमपर्यंत कमी पोचतो, आणि जड माणसाला हा फायदा तारांइतकाच मोलाचा आहे.

तारांवरून मात्र माझा नि मामांचा वाद झाला. मी मागवल्या त्या दोन्ही टोकांना २ मिलिमीटर आणि मधे १.८ मिलिमीटर जाडीच्या. मामांना त्या पटेनात. "मधे बारीक? मग ती आधी तुटणार." ऐकायला बरोबर वाटतं. पण तार मधे कधीच तुटत नाही, कोपऱ्यात तुटते. मधला भाग बारीक असला की तार जास्त लवचिक होते. तेवढ्याच ताणाला जास्त लांबते आणि ओझं आल्यावर पूर्ण सैल पडत नाही. मी तिन्ही तुकडे पुन्हा त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी एकेक कोपरा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "बरं. बांधूया की. तुटली तर तुमचीच हाय."

चाकं बांधायला दोन संध्याकाळी लागल्या. स्टँड असा नव्हताच. जुन्या सायकलचा चिमटा उलटा करून बाकाला ठोकलेला, त्यात चाक. प्रत्येक तार तीन तारांना छेदून जाते, हे त्यांना माहीत होतं. ते फक्त 'तीन कैची' म्हणत होते. मी ताण मोजायचं यंत्र मागवलं होतं. मामा बोटाने तारा छेडत, कान लावून एका बाजूच्या तारांचा आवाज एक करत गेले. मी मागून यंत्राने मोजत गेलो. दोन-तीन तारा सोडल्या तर उजवी बाजू सगळी सारखी निघाली. त्या दोन-तीन मी दाखवल्या तेव्हा त्यांनी यंत्राकडे अशा नजरेने बघितलं की मी ते पिशवीत ठेवलं.

शेवटी त्यांनी शेजारच्या तारांच्या जोड्या मुठीत धरून जोराने आवळल्या, चाकभर. करकर आवाज आला, चाक जरा आऊट झालं, ते पुन्हा काढलं. अमेरिकन इंजिनिअर जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ साली आलेल्या 'द बायसिकल व्हील' या पुस्तकात नेमकं हेच करायला सांगितलंय. वाकवताना कोपऱ्यात राहिलेला ताण त्याने निघून जातो आणि तार पुष्कळ जास्त टिकते. मी मामांना विचारलं, हे कुणी शिकवलं? "बाबांनी. असं न्हाई केलं तर गिऱ्हाईक आठ दिवसांत परत येतंय."

सगळा खर्च २२,००० रुपयांच्या आसपास आला. जोडीचं वजन जुन्यापेक्षा पाव किलो जास्त भरलं. गटातल्या एकाने "एवढं जड?" असं विचारलंच. १२४ किलोत पाव किलो! त्या सकाळी मी नाश्त्याला त्याहून जास्त पोहे खाल्ले होते.

पहिल्या २०० किलोमीटरनंतर मामांनी ताण पुन्हा तपासून दिला. मग एका रविवारी आम्ही जांबोटी, कणकुंबी करत चोर्ल्यापर्यंत गेलो. जिथे टेम्पो थांबवला होता ती जागा आली तेव्हा मी नकळत सीटवरून थोडा उठलो. पुढच्या प्रत्येक उतारावर कान मागेच होते. येताना कणकुंबीजवळ एक खड्डा दिसलाच नाही, मागचं चाक त्यात धाडकन आपटलं. मी ब्रेक दाबून उतरलो, चाक उचलून फिरवलं. सरळ फिरत होतं. पुढे गेलेले मित्र परत आले, "काय झालं?" म्हणाले. मी म्हटलं, काही नाही, पाणी पितोय.

त्या चाकांवर आता ३,४०० किलोमीटर झाले. तार एकही तुटलेली नाही. वजन १०७ आहे. दिवाळी आली आणि गेली, नव्वद काही झाले नाहीत. साखर मात्र सीमेच्या अलीकडे आली आणि तो रिपोर्ट आईने चष्मा लावून दोनदा वाचला.

मागच्या महिन्यात ग्रीस भरायला चाक घेऊन गेलो, तेव्हा मामांनी सवयीने चार-पाच तारा छेडल्या, मान हलवली आणि सांगितलं, "एक पोरगं आलंतं. तुमच्यासारखंच दांडगं. तुमचा नंबर दिलोय."

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुरुवातीलाच म्हणाला, "दादा, मी वजन कमी करणारच आहे, सहा महिन्यांत पंच्याऐंशीवर येतोय, तर त्या हिशोबाने कुठलं चाक..."

मी त्याला मधेच थांबवून विचारलं, "आज किती आहे?"