कालचं मांजर, आजचं मांजर

मांजर आजारी आहे हे घरात ज्याला सगळ्यांत आधी कळतं, त्याला ते कशावरून कळलं हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. ‘आज ती वेगळीच वागतेय’ एवढंच तो म्हणतो. हे वाक्य डॉक्टरांपुढे बोलायला माणसं संकोचतात, कारण त्यात ताप नाही, उलटी नाही, बोट ठेवावं असं काहीच नाही. माझं म्हणणं असं, की मांजराच्या निदानाची सुरुवात याच वाक्यापासून होते आणि घरच्यांनी ते वाक्य जितकं तपशिलानं भरावं तितकं निदान लवकर होतं. आजारी मांजर पुस्तकातल्या निरोगी मांजराशी ताडून फारसं हाती लागत नाही. ते कालच्या त्याच मांजराशी ताडून पाहावं लागतं.

याचं कारण मांजराच्या पूर्वपीठिकेत आहे. त्याचा पूर्वज आफ्रिकी रानमांजर, एकट्यानं शिकार करणारा आणि स्वतःही मोठ्या जनावरांची शिकार होऊ शकणारा. अशा जिवाला दुखणं दाखवून मदत मिळत नाही, धोका मात्र वाढतो. म्हणून मांजर कण्हत नाही, कपाटामागे जाऊन बसतं. दुखत असतानाही ते घुरघुरतं, त्यामुळे घुरघुर ऐकून निर्धास्त होण्यात अर्थ नाही. मग दुखणं दिसतं कुठे? चेहऱ्यावर. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना जोखण्याची पद्धत प्रसिद्ध केली. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला 0 ते 2 गुण. दुखत असलं की कान एकमेकांपासून लांब जाऊन बाहेरच्या बाजूला वळतात, डोळे बारीक होतात, नाकातोंडाचा गोलवा ताणला जाऊन लांबट होतो, मिशा ताठ होतात आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकतं. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, मांजर पेंगतंय. पण सुखानं पेंगणाऱ्या मांजराच्या मिशा सैल असतात, आणि तो फरक जवळ बसल्याशिवाय दिसत नाही.

आता रक्ततपासणी आहे, एक्स-रे आहे, सोनोग्राफी आहे. घरच्यांच्या निरीक्षणाला इतकं महत्त्व कशाला, असं कोणी विचारेल. तपासण्या हव्यातच. पण त्या विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देतात, आणि प्रश्न घरून यावा लागतो. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा विकार फार आढळतो, आणि रक्तातलं क्रिएटिनिन ठळकपणे वाढेपर्यंत मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. त्याच्या कितीतरी आधी पाण्याची वाटी लवकर रिकामी होऊ लागते, लघवीसाठी ठेवलेल्या ट्रेमधल्या मातीचे गोळे मोठे होतात. रक्तातल्या साखरेचंही तसंच. प्रवासाला आणि परक्या हातांना घाबरलेल्या मांजराची साखर मधुमेह नसतानाही वाढते, म्हणून एका आकड्यावर विसंबून चालत नाही. ते घरी पाणी किती पितं हे सांगणारं माणूस लागतं. थायरॉइड वाढलेलं म्हातारं मांजर तर भरपूर खातं. मांजरांतला हा आजार 1979 मध्ये प्रथम नोंदला गेला. घरच्यांना भूक वाढल्याचा आनंद होतो आणि केसाळ अंगाखाली झडणारं मांस कोणाच्या लक्षात येत नाही. आणि ताटलीत काय वाढलं जातं हेही डॉक्टरांना सांगायलाच हवं. दूधभात, दूधपोळीवर वाढलेल्या मांजराला टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसं मिळत नाही. ते मांसमासळीत असतं, मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही. त्याच्या अभावानं हृदय फुगून कमजोर होतं, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवून दिलं.

दुसरा आक्षेप वडीलधाऱ्यांचा, आणि तो अनुभवातून आलेला आहे. मांजर आपलं आपण बरं होतं, दोन दिवस उपास करतं, गवत खातं, त्याच्या मागे लागू नये. किरकोळ अपचनापुरतं हे खरंही असेल. पण उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या अंगातली चरबी यकृतात साठू लागते, आणि काही दिवसांतच मूळ आजार बाजूला राहून यकृतच निकामी होऊ लागतं. बोक्याच्या बाबतीत तर दोन दिवस हा फार मोठा काळ आहे. बोका पुन्हा पुन्हा ट्रेमध्ये जातो, पाठ वाकवून बसतो, जोर करतो, माती उकरतो, बाहेर येऊन मागचा भाग चाटतो आणि परत आत जातो. घरात म्हणतात, पोट साफ होत नाहीये. खरं तर लघवीची वाट बंद झालेली असते. रक्तात पोटॅशियम साचत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. ट्रेमधली माती कोरडी आहे की ओली, एवढं पाहिलं असतं तरी त्याच रात्री त्याला उचलून दवाखान्यात नेलं असतं. आणि अंग गरम लागलं म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देणं हे तर सर्वांत वाईट. मांजराचं यकृत ते औषध पचवू शकत नाही, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या तपकिरी पडतात. एका गोळीनंही मांजर मरू शकतं. माणसाच्या काळजीपोटी हे घडतं, म्हणून त्याचं दुःख अधिक.

माया माणसाला फसवते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. कोणाला नको तिथे आजार दिसतो, कोणाला समोरचा दिसत नाही. त्यावर उपाय आकड्यांचा. चार किलोच्या मांजराचं वजन चारशे ग्रॅमनी घटलं तर साठ किलोच्या माणसाचं सहा किलोंनी घटल्यासारखं आहे, आणि ते वजनकाट्यावर दिसतं, नजरेला दिसत नाही. गाढ झोपेत छाती मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा हलू लागली आणि रोज हलत राहिली, तर हृदय किंवा फुप्फुसं तपासून घ्यावीत. ओठ उचलून हिरडी रोज पाहिली असेल तर ती फिकट किंवा पिवळी झालेली त्याच दिवशी कळते.

इतकं करून निदान झालं तरी उपयोग काय, असं म्हणण्यासारखे काही आजार होते. एफआयपी त्यांतला सर्वांत क्रूर: कोरोना विषाणूच्या मांजरांतल्या एका प्रकारातून उद्भवणारा, बहुधा कोवळ्या वयात गाठणारा, जवळजवळ नेहमीच मारणारा. 2019 मध्ये डेव्हिसच्याच नील्स पीडरसन यांच्या गटानं जीएस-441524 हे औषध 31 मांजरांना देऊन पाहिलं. त्यांतली 25 दीर्घकाळ जगली. कोविडच्या दिवसांत ज्या रेमडेसिव्हिरसाठी आपल्याकडे रांगा लागल्या, त्याचं शरीरात गेल्यावर हेच द्रव्य बनतं. आता वेळेवर ओळखणं म्हणजे जीव वाचण्याची खरी आशा. या आजाराच्या एका प्रकारात पोटात पाणी भरतं आणि पिल्लू बाळसं धरतंय असं वाटतं. त्याच्या पाठीवरून हात फिरवावा. पोट गोल आणि कण्याची हाडं मात्र एकेक मोजता येतील अशी हाताला लागत असतील, तर ते बाळसं नाही.