मौनी बाबांचे गाणे

चिरंजीवांनी परवा एक विलायती तबकडी लावली. ऑर्गनचे तेच ते सूर फिरू लागले. "तबकडी अडकली का रे?" मी विचारले.

"बाबा, हे आपल्या नगरचं गाणं!"

पीट टाउनशेंडचे, १९७१ सालचे 'बाबा ओ'रायली'. यातले बाबा म्हणजे अरणगावच्या मेहेराबादचे मेहेरबाबा. रायली म्हणजे टेरी रायली, मोजक्या सुरांच्या आवर्तनांतून संगीत उभे करणारे अमेरिकन, किराण्याच्या पंडित प्राणनाथांचे शिष्य.

१० जुलै १९२५ पासून १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत मेहेरबाबा बोलले नाहीत. अशा मौनी पुरुषाच्या नावाचे एवढे गाजते गाणे! पण आपला तंबोरा तरी दुसरे काय करतो? चार तारा, तोच झंकार. ऐकणाराच हळूहळू गप्प होतो.

आतून हिने दोनदा हाक मारली म्हणे. मी काही 'ओ' दिली नाही.