पाळण्याची कडी

गाडलं गेलेलं गाव बघायला पैसे भरून रांगेत उभं राहायचं, हे काही माझ्या मनाला पटत नव्हतं. त्यासाठी लंडनला यायची आम्हाला काय गरज? आमचं गाव तेरणेच्या काठचं. किल्लारीच्या भूकंपात जी ५२ गावं उठली आणि नव्या जागी बसली, त्यातलं एक. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्यात. गाडलेलं गाव बघायचं तर आम्हाला सायकलवर टांग टाकली की झालं.

पण २०१३च्या उन्हाळ्यात नातू झाला म्हणून आम्ही दोघं मुलाकडं लंडनला गेलो, आणि पोरानं तिकिटं काढूनच आणली. म्हणाला, "अण्णा, ब्रिटिश म्युझियमला पाँपेई आणि हर्क्युलेनियमचं प्रदर्शन लागलंय. तुम्हीच शिकवायचात की आम्हाला व्हेसुव्हियस!" शिकवायचो खरं. फळ्यावर शंकूसारखा डोंगर काढायचा, वरून धूर काढायचा, इ. स. ७९ लिहायचं, संपला धडा. दोन शहरं राखेखाली गेली, त्यात माणसं होती, हे शिकवताना माझ्या मनात कधी आलं नव्हतं. १९९३च्या आधी तरी.

म्युझियमच्या मधोमध एक मोठी गोल घुमटाची इमारत आहे, जुनं वाचनालय. त्यात प्रदर्शन मांडलं होतं. मला वाटलं होतं, नुसती हाडं आणि राख असेल. तर रचना घरासारखी केलेली. आधी रस्ता, मग अंगण, मग स्वयंपाकघर, माजघर. भांडी, दिवे, भिंतीवरली चित्रं. कोळसा झालेली अंजिरं. आणि एक आख्खा पाव, आठ भाग पाडलेला, जळून काळा झालेला, पण आकार जसाच्या तसा. माझी बायको त्याच्यापुढं वाकून बघत राहिली. म्हणाली, "तव्यावर इसरलेल्या भाकरीवानी दिसायलंय."

जॉर्जो लोकातेल्ली नावाच्या इटालियन स्वयंपाक्यानं म्युझियमसाठी तसाच पाव भाजून दाखवला होता, त्याची चित्रफीत मुलानं घरी आल्यावर लावली. पावाला कडेनं दोरी बांधून उचलून न्यायची सोय. हिनं ती दोनदा बघितली. भूकंपानंतर सोलापूरकडून ट्रकानं कडक भाकरी आल्या होत्या, त्या पावसात भिजून लगदा झाल्या, त्याची आठवण तिनं काढली. वीस वर्षांत त्या दिवसांतलं काही तिनं आपणहून बोललेलं ते पहिलंच.

पण मी पुढचं आधी सांगायला लागलो. माजघराच्या भागात लाकडी सामान होतं. हर्क्युलेनियमला लाकूड जळून खाक झालं नाही, कोळसा होऊन टिकलं. त्यात एक पाळणा होता. आपल्यासारखा टांगायचा नव्हे, खाली वाकड्या पट्ट्यांवर डुलणारा. दोन हजार वर्षांनी आजही डुलतो म्हणे. पाटीवर बारीक अक्षरात बरंच लिहिलं होतं. मुलगा आईला सगळ्या पाट्या वाचून अर्थ सांगत होता, ती त्यानं सांगितली नाही. मला इंग्रजी सावकाश वाचता येतं. त्या पाळण्यात बाळाची हाडं मिळाली होती.

हिनं विचारलं नाही. काचेवर हात ठेवून उभी राहिली. मागची माणसं थांबली, मग बाजूनं गेली. तिथला राखणदार काचेला हात लावू नका म्हणेल म्हणून मी घाबरलो होतो. त्यानं बघितलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

शेवटच्या दालनात माणसं होती. म्हणजे माणसांचे साचे. राखेत देह कुजून जी पोकळी उरली तिच्यात १८६३ साली फिओरेल्ली या उत्खननकारानं प्लास्टर ओतायला सुरुवात केली, ही त्याचीच पद्धत. दोन मोठी माणसं, दोन लेकरं, जिन्याखाली सापडलेली. मी तिथं थांबलो नाही. आमची माणसं कुणी अशी मांडून ठेवली असती तर मी दगड उचलला असता, असं त्या क्षणी वाटलं. आज तेवढ्या खात्रीनं म्हणवत नाही.

आपल्याकडं प्रदर्शन म्हणजे फीत कापली, चहा झाला, संपलं. तिथं प्रदर्शनाच्या भोवती महिनोन्‌महिने कार्यक्रम चालू. व्याख्यानं, दालनात उभं राहून केलेल्या गप्पा, शाळेच्या पोरांसाठी वेगळं. १८ जूनला तर म्युझियममधून थेट प्रक्षेपण करून देशभरच्या चित्रपटगृहांत दाखवलं. मला हे फार आवडलं. शाळामास्तराला आवडणारच. म्हणून एका व्याख्यानाला मी स्वतःच चला म्हणालो. ही नको म्हणेल असं वाटलं, पण पदर खोचून आधी तीच तयार.

तळघरातलं सभागृह. वक्त्या बाई पडद्यावर चित्रं दाखवत होत्या. पाँपेईचा व्यापार कुठंकुठं होता ते सांगताना त्यांनी एक हस्तिदंती बाहुली दाखवली. वीतभर उंचीची, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन छोट्या दासी. १९३८ साली पाँपेईत सापडली, हिंदुस्थानातून गेलेली. तिला लक्ष्मी म्हणायचा प्रघात पडला, पण ती यक्षीही असेल. ही एकदम माझा हात दाबून मोठ्यानं म्हणाली, "अवो, ही तर आमच्या तेरची!"

हिचं माहेर तेर. गोरोबाकाकांचं तेर. तिथं पावसाळ्यात पांढरीवर मणी उघडे पडतात. लहानपणी ह्या पोरी ते वेचून माळा करायच्या. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर असल्या वस्तू गोळा केल्या, त्यांचं संग्रहालय गावात आहे, आणि त्यात ह्याच घडणीची हस्तिदंती बाई आहे. हिनं ती शंभरदा बघितलेली. तेवढ्यात वक्त्या बाईंनीच तेर आणि भोकरदन ही दोन नावं घेतली. उच्चार वाकडे, पण नावं तीच. ही माझ्याकडं अशा तोऱ्यानं बघू लागली की जणू बाहुली हिच्या आजीनंच पाठवली होती.

मग बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला कधीच माहीत नव्हती. ज्वालामुखीच्या आधी सतरा वर्षं, इ. स. ६२ च्या सुमारास, पाँपेईला मोठा भूकंप झाला होता. डोंगर फुटला तेव्हा कितीतरी घरांची डागडुजी अजून चालूच होती.

प्रश्नांच्या वेळी एका दहा-बारा वर्षांच्या पोरानं विचारलं, एवढा भूकंप झाल्यावर ती माणसं तिथंच का राहिली? त्यांना कळलं नाही का? लोक हसले. वाईट मनानं नव्हे. बाई म्हणाल्या, तो डोंगर कसला आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं, जमीन सुपीक होती, वगैरे.

माझा हात वर गेला. का गेला ते मला सांगता येणार नाही. मुलाला म्हणालो, मी मराठीत बोलतो, तू सांग.

म्हणालो, आमच्याकडं आदल्या वर्षी, १९९२ च्या ऑगस्टपासून जमीन गुरगुरत होती. ऑक्टोबरात जोराचा धक्का बसला. गाव घाबरलं, महिनाभर अंगणात, शेतात झोपलं. मग थंडी पडली. रोजचंच झालं. प्रत्येक वेळी हादरा थांबत होता, म्हणून पुढच्या वेळीही थांबेल असं वाटायचं. माणूस घर सोडून कुठवर राहील? गाव वेडं नव्हतं.

मुलगा वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होता. मी पुढं बोललो. गणपती विसर्जनाची रात्र होती, २९ सप्टेंबर. मी मंडळाच्या पोरांबरोबर शाळेच्या ओट्यावर झोपलो, ह्या मुलाला घेऊन. बायको म्हणाली होती, मीबी लेकराला घेऊन भाईर निजते. धाकटी अकरा महिन्यांची होती, तिला सर्दी होती. मी म्हणालो, आत झोप, वाऱ्यात नको. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी माळवद खाली आलं. ही निघाली. लेकरू निघालं नाही.

मुलगा गप्प झाला. हे शेवटचं त्याला माहीत नव्हतं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. बहीण गेली एवढंच त्याला ठाऊक. आत झोप कोण म्हणालं, हे आमच्या घरात दोघांनाच माहीत होतं, आणि आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नव्हतो. सभागृह वाट बघत होतं. शेवटी त्यानं ते इंग्रजीत सांगितलं. दोनच वाक्यं लागली.

बाईंनी पोडियम सोडला, पुढं आल्या, आणि काही बोलल्या नाहीत. ते बरं केलं. प्रश्न विचारणारं पोर मान वळवून माझ्याकडं बघत होतं.

परत येताना आगगाडीत ही खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "तुमी म्हनला नसता, तरी मी आतच निजले असते. सर्दी व्हती की तिला." एवढंच.

ऑगस्टात आम्ही परतलो. प्रदर्शन २९ सप्टेंबरला संपलं, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडं वीस वर्षं झाली. दरसाल त्या दिवशी स्मृतिस्तंभापाशी मानवंदना होते, भाषणं होतात. होऊ देत. पण मी नव्या गावच्या शाळेत जाऊन बसलो. पहिल्या दिवसाचे मुख्याध्यापक माझेच विद्यार्थी. त्यांना म्हणालो, पोरांना सांगा, जुन्या गावातली एक वस्तू घरून आणायची, आणि ती कुणाची हे घरच्यांना विचारून यायचं. एवढाच कार्यक्रम.

निम्मी पोरं रिकाम्या हातानं येतील असं वाटलं होतं. चेपलेला तांब्या आला, अडकित्ता आला, बिजागरी, चष्म्याची काडी, बैलाच्या गळ्यातली घंटा. एकानं नुसता दगड आणला, उंबऱ्याचा. मागून आज्या आल्या, कारण पोरांना नीट सांगता येणार नाही ही त्यांची खात्री.

हीपण आली. हातात फडक्याची पुरचुंडी. सोडली तर आत लोखंडी कडी, तुळईला पाळणा अडकवायची, गंजलेली. वीस वर्षं ती हिच्या ट्रंकेत होती आणि मला पत्ता नाही.

प्रत्येक वस्तूपुढं चिठ्ठी लिहून ठेवायची होती. तिसरीतली एक पोरगी पेन्सिल घेऊन हिच्यापुढं बसली. "आजी, हे काय हाय?"

"पाळन्याची कडी."

"बाळाचं नाव काय व्हतं?"

हिनं सांगितलं. ऊर्मिला. मी वीस वर्षांनी ते नाव ऐकत होतो.

पोरीनं जिभेचं टोक बाहेर काढून मोठ्या अक्षरात लिहिलं, 'उरमिला'. एकतीस वर्षं मी ऱ्हस्व-दीर्घ सुधारत आलोय. ती चिठ्ठी तशीच ठेवली.